कॅन्टर ते युरो-6 : पीथमपूर आणि देवास येथील आयशरची वाटचाल

1982 मध्ये आयशरने जपानच्या मित्सुबिशी मोटर्सशी हलक्या मालवाहू गाड्यांसाठी तांत्रिक सहकार्याचा करार केला आणि आयशर मोटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. चार वर्षांनी, 1986 मध्ये, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यातून कॅन्टर ही हलकी मालवाहू गाडी बाहेर पडू लागली. 1994 मध्ये करार संपला. मित्सुबिशी गेली, गाडी बनत राहिली, आणि पुढे त्याच आवारात तिच्याहून मोठ्या गाड्याही बनू लागल्या. 2008 मध्ये स्वीडनच्या व्होल्व्होशी भागीदारी झाली. आज पीथमपूरहून ट्रकची इंजिने युरोपला जातात.

संस्थेच्या चार दशकांचा सांगाडा एवढाच. इमारती कधी उभ्या राहिल्या, कोणते मॉडेल कधी आले, याची यादी करणे अवघड नाही. खरा इतिहास त्या यादीच्या मधल्या जागांत आहे. दुसऱ्याच्या आरेखनावरून गाडी जुळवणारा कारखाना स्वतः गाडी घडवण्याइतका जाणता कसा झाला, आणि त्याच सुमारास तशीच सुरुवात करणाऱ्या इतरांना ते का जमले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

धारमध्ये लाट मशिदीच्या आवारात लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. ते पाहिले की या जिल्ह्याला लोखंडाच्या कामाचा हजार वर्षांचा वारसा आहे असे लिहावेसे वाटते. तो मोह इथे टाळलेला बरा. स्तंभ घडवणाऱ्यांची विद्या मधल्या काळात लोप पावली आणि पीथमपूरच्या कारखान्याचा तिच्याशी काही संबंध नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पीथमपूर म्हणजे महूच्या पुढची काळी जमीन, तीवर गहू, हरभरा आणि नव्याने आलेला सोयाबीन. पवारांच्या धार संस्थानाचा हा मुलूख सरकारी यादीत औद्योगिकदृष्ट्या मागास होता, म्हणूनच तिथे कारखाना काढणाऱ्याला सवलती मिळत. इंदूर जवळ होते आणि आग्रा-मुंबई रस्ता हाताशी होता. मानपूरचा घाट उतरून, सेंधवा ओलांडून गाडी धुळ्याला आणि पुढे मुंबईच्या बंदराकडे जाई. जमीन, सवलत आणि रस्ता या तिन्ही गोष्टी इथे होत्या. कुशल हात नव्हते. ते इथेच तयार करावे लागले.

आयशरला परदेशी सहकार्याचा अनुभव त्याआधीच होता. 1959 मध्ये जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्याने भारतात ट्रॅक्टर बनवण्याची कंपनी निघाली आणि 1960 मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. काही वर्षांतच सुटे भाग इथे बनू लागले आणि मालकीही पूर्णपणे भारतीय झाली. नाव तेवढे जर्मन राहिले. म्हणजे मित्सुबिशीशी बोलणी करायला जे बसले, त्यांना एकदा शिकून स्वतंत्र होण्याचा अनुभव होता. करारात काय मागायचे हे अशाच माणसाला कळते. पहिल्यांदा करार करणारा किमतीवर घासाघीस करतो. दुसऱ्यांदा करणारा विचारतो की ही आरेखने बदलण्याचा अधिकार मला कधी मिळेल.

त्या काळात केंद्र सरकारने हलक्या व्यापारी वाहनांसाठी चार जपानी सहकार्यांना मुभा दिली होती. उत्तर प्रदेशात सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, पंजाबात स्वराज-माझदा, हैदराबादची ऑल्विन-निस्सान आणि पीथमपूरची आयशर-मित्सुबिशी. चौघांच्या गाड्या साधारण एकाच वजनगटातल्या, चौघांचे शिक्षक जगातले नावाजलेले, आणि चौघांना सरकारची अटही सारखीच : आयात सुटे भाग टप्प्याटप्प्याने कमी करून देशी भाग वाढवायचे. कारखान्यांच्या भाषेत याला ‘डिलीशन’ म्हणत. आयात भागांच्या यादीतून एकेक ओळ खोडत जायची.

यादीतल्या सोप्या ओळी आधी खोडल्या जातात. टायर, बॅटरी, काचा, सीट, पत्र्याची काही कामे यांना देशात बनवणारे होतेच. इंजिनाचा ब्लॉक, क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल हे शेवटी राहतात, कारण तिथे धातू, उष्णता आणि अचूकता तिन्ही एकत्र येतात. हे सगळे सावकाश करता आले असते, पण येनने सवड दिली नाही. सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बड्या देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवायचे ठरवले. तेव्हा एका डॉलरला सुमारे 240 येन मिळत होते. दोन वर्षे व्हायच्या आत तो आकडा 150 च्या खाली आला. त्यात रुपयाही घसरत होता. जपानहून येणारा प्रत्येक सुटा भाग पीथमपूरला दर महिन्याला महाग पडू लागला. कॅन्टर बाजारात येते न येते तोच हा भार अंगावर आला.

त्याच वर्षी, 1986 मध्ये, पुण्याहून टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, 407 निघाली. चार जपानी गाड्यांना उत्तर म्हणून टेल्कोने ती स्वतःच्या बळावर तयार केली होती आणि तिला येनची धास्ती नव्हती. टेल्कोला हे बळ कुठून आले? 1954 मध्ये डेमलर-बेंझशी झालेला पंधरा वर्षांचा करार 1969 मध्ये संपला होता. टेल्कोची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी त्या पंधरा वर्षांत आणि नंतरही हत्यारे, साचे आणि माणसे घडवण्यावर पैसा आणि वेळ ओतला. पुण्याच्या कारखान्यात गाड्यांच्या आधी यंत्रे आणि साचे बनवण्याचा विभाग उभा राहिला. पीथमपूरची गाठ अशा प्रतिस्पर्ध्याशी पडली, जो हाच धडा वीस वर्षे आधी गिरवून बसला होता. माझ्या मते आयशरचे भले यातच झाले. महागडा येन आणि पुण्याची 407 या दोन्हींनी मिळून जी घाई केली, ती कोणत्याही करारातल्या कलमाने झाली नसती.

देशीकरण म्हणजे प्रत्यक्षात काय, हे गिअरवरून नीट समजते, आणि गिअरचा विषय निघाला की देवासला जावे लागते. चामुंडेच्या टेकडीखालचे हे गाव पवारांच्या दोन पात्यांचे संस्थान म्हणून ठाऊक होते. पुढे कुमार गंधर्व इथे राहिले म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. कारखानदारीत देवास पीथमपूरच्या आधीचे. नोटांचा छापखाना इथला, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना इथला. लेथवर काम करणारा, मायक्रोमीटर वाचणारा माणूस या गावात मिळत होता. आयशरच्या घटकभाग विभागाचा गिअरचा कारखाना देवासमध्ये आहे, आणि त्याच विभागाचे काम ठाणे व पीथमपूर येथेही चालते.

मागच्या अॅक्सलमधली क्राउन व्हील आणि पिनियन ही जोडी घ्या. इंजिनाकडून लांबीत आलेले फिरणे काटकोनात वळवून चाकांना देणे हे तिचे काम. घडीव पोलादाच्या तुकड्यावर आधी वळणदार दात कापले जातात. मग तो गिअर कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत नऊशेहून अधिक अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात आणि तेलात बुडवतात. कातडे कडक होते, गाभा चिवट राहतो. दात झिजू नये म्हणून कडक कातडे हवे, खड्ड्यात आदळल्यावर दात मोडू नये म्हणून चिवट गाभा हवा. मात्र या तापण्या-निवण्यात गिअर वाकडा होतो. मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच, पण गाडी रडायला तेवढे पुरते. म्हणून कसबी माणूस दात कापतानाच तो वाकडेपणा धरून चालतो आणि नेमका उलट्या बाजूने थोडा फरक ठेवतो, म्हणजे भट्टीतून आल्यावर तो सरळ बसेल. किती फरक ठेवायचा हे पोलाद कोणत्या गिरणीचे, भट्टीत गिअर कसे रचले, तेल किती गरम होते, यावर ठरते.

मग क्राउन व्हील आणि पिनियन एकमेकांत अडकवून, बारीक पूड मिसळलेल्या तेलात फिरवून घासतात. हेच लॅपिंग. दातांना रंग फासून जोडी पुन्हा फिरवतात आणि रंगाचा ठसा कुठे उमटला ते पाहतात. ठसा दाताच्या टोकाला सरकला तर आवाज येणार आणि दात लवकर जाणार. ठसा जागेवर बसला की दोन्ही गिअरवर एकच क्रमांक कोरतात. पुढे त्यातला एक खराब झाला तर दोन्ही बदलावे लागतात, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला माहीत असते.

यातले आरेखनावर किती असते? दातांची संख्या, कोन, कडकपणाची मर्यादा, ठशाची जागा. परदेशी भागीदार हे सगळे देतो. मात्र भारतीय पोलाद भारतीय भट्टीत किती वाकते हे जपानमधल्या कुणालाच ठाऊक नसते, कारण ते तिथे कधी घडलेलेच नसते. ते इथल्याच माणसांनी गिअर मोजून, भंगारात टाकून, पुन्हा कापून शोधायचे असते. कराराने कारखान्याला योग्य गिअर कसा दिसतो ते कळते आणि तो मोजायची शिस्त लागते. पुढचे सगळे ज्याचे त्याने मिळवायचे असते. 1990 मध्ये कोहेन आणि लेव्हिन्थाल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी हेच शास्त्रीय भाषेत मांडले : बाहेरचे ज्ञान पचवायचे तर त्या विषयातले थोडेफार ज्ञान घरात आधीच असावे लागते, आणि ते स्वतः प्रयोग केल्याशिवाय येत नाही. देवासच्या उष्णता-प्रक्रिया विभागातल्या कुणाला हे वाचण्याची गरज पडली नसेल.

1994 मध्ये मित्सुबिशीशी तंत्रसाहाय्याचा करार संपला, तेव्हा 3.3 लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल हे सगळे इथे बनत होते. बाकी तिघांचे काय झाले? डीसीएम-टोयोटाची जागा नव्वदच्या दशकात देवूने घेतली. ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे गेली. स्वराज-माझदा टिकली, पुढे इसुझूशी जोडली गेली, आणि 2025 मध्ये तीही महिंद्राच्या ताब्यात आली. या कंपन्यांत कर्तबगार माणसे नव्हती असे म्हणणे अन्याय होईल. पण भागीदार निघून गेल्यावर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या निर्णयाने नवी गाडी काढत राहिली ती चौघांपैकी मुख्यतः आयशर.

पीथमपूरच्या वसाहतीतच अशा भागीदाऱ्यांची आणखी उदाहरणे आहेत, आणि मराठी वाचकाला ती जवळची वाटतील. पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी भागीदारी करून 1984 मध्ये कायनेटिक होंडाचा प्रकल्प इथे आणला. बटण दाबले की सुरू होणारी, गिअर न टाकता चालणारी स्कूटर. त्यामुळे कितीतरी मुलींना आणि वयस्करांना पहिल्यांदा स्वतःचे वाहन मिळाले. 1998 मध्ये होंडा बाहेर पडली आणि नंतर स्वतंत्रपणे भारतात स्कूटर बनवू लागली. कायनेटिकने तैवानच्या एसवायएमचे तंत्रज्ञान घेतले, इटलीच्या इटालजेटची मॉडेल घेतली, पण 2008 मध्ये हा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. फिरोदिया घराण्याच्याच दुसऱ्या शाखेची बजाज टेम्पो, आताची फोर्स मोटर्स, हिनेही पीथमपूरला मोठा कारखाना उभारला. 1958 पासून जर्मन टेम्पोशी आणि पुढे डेमलरशी सहकार्य करत तिने इंजिन बनवण्याची विद्या आत्मसात केली. ट्रॅव्हलर ही प्रवासी गाडी आजही तीच बनवते. 2006 मध्ये जर्मनीच्या मान कंपनीबरोबर मोठ्या ट्रकसाठी तिने पीथमपूरला संयुक्त कंपनी काढली. 2012 मध्ये फोर्सने हिस्सा सोडला, आणि 2018 मध्ये मानने भारतातले ट्रक बनवणे थांबवले.

तेव्हा भागीदारी म्हणजे हमी नव्हे. एकाच औद्योगिक वसाहतीत, एकाच रस्त्याच्या कडेने, सारख्याच हवेत आणि सारख्याच सवलतींत, जपानी आणि जर्मन नामांकित भागीदारांशी केलेल्या जोड्यांचे शेवट इतके वेगळे झाले.

1994 ते 2008 हा काळ संस्थेच्या इतिहासात सहसा दोन ओळींत उरकला जातो. तसे करू नये. या चौदा वर्षांत कुणी शिक्षक नव्हता. कॅन्टरच्या पायावर जास्त वजनाच्या गाड्या काढल्या, बस काढल्या, आणि 2002 च्या सुमारास कंपनी जड ट्रकच्या बाजारात उतरली. मध्यम वजनाच्या गटात गाडीला मान होता. तेल कमी पिते आणि थांबत नाही, ही मालकांची नेहमीची पावती. जड ट्रकमध्ये मात्र टाटा आणि अशोक लेलँड यांच्यापुढे फारसे काही चालले नाही. मोठ्या इंजिनाला लागणारा पैसा, उत्सर्जनाचे कडक होत जाणारे नियम, देशभरचे सेवाजाळे हे एकट्याच्या आवाक्याबाहेर होते. दरम्यान समूहाने आपला पसारा आवरला. 2005 मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय, म्हणजे ज्यातून आयशर जन्मली तोच, टॅफेला विकला. समूहाचे नेतृत्व करणाऱ्या सिद्धार्थ लाल यांच्या काळातला हा निर्णय त्या वेळी अनेकांना खुपला होता. पण त्यामुळेच ट्रक आणि रॉयल एनफील्ड मोटारसायकली या दोन गोष्टींकडे पूर्ण लक्ष देता आले.

जुलै 2008 मध्ये व्हीई कमर्शियल व्हेइकल्स ही संयुक्त कंपनी कामाला लागली. आयशरने तीत ट्रक-बसचा सगळा व्यवसाय आणि गिअर व घटकभागांचे कारखाने घातले. व्होल्व्होने पैसा आणि भारतातल्या व्होल्व्हो ट्रकची विक्री-सेवा. संयुक्त कंपनीत आयशर मोटर्सकडे 54.4 टक्के आणि व्होल्व्होकडे 45.6 टक्के हिस्सा राहिला. शिवाय आयशर मोटर्समध्येही व्होल्व्होने काही भाग घेतला. 1982 च्या कराराशी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. तेव्हा एक बाजू देणारी आणि दुसरी घेणारी होती. या वेळी दोघांकडेही दुसऱ्याला हवे असे काही होते. व्होल्व्होला मोठी इंजिने आणि जगभरचे प्रयोग ठाऊक होते. मध्यम ट्रक थोडक्या पैशांत कसा बनवायचा, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा जास्त माल भरूनही तो कसा टिकवायचा, हे पीथमपूरला ठाऊक होते. मित्सुबिशीच्या काळात शिकलेले नसते, तर व्होल्व्होने इथे केवळ एक जोडणी-कारखाना पाहिला असता.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे 2013 मध्ये सुरू झालेला व्हीई पॉवरट्रेन हा इंजिनांचा कारखाना. व्होल्व्हो समूहाच्या मध्यम वजनाच्या ट्रकसाठी 5 आणि 8 लिटरची मूळ इंजिने जगभर पुरवायची ती पीथमपूरहून, असे ठरले. युरोपात जड वाहनांना युरो-6 चे नियम लागू होत होते, आणि त्या दर्जाची मूळ इंजिने भारतात पहिल्यांदा इथे बनली. त्या वर्षी आपल्या देशात काही मोठ्या शहरांपुरता भारत स्टेज 4 होता, बाकी सर्वत्र स्टेज 3. म्हणजे धार जिल्ह्यातला कामगार जे इंजिन जोडत होता, त्याचा दर्जा त्याच्या स्वतःच्या रस्त्यावर यायला आणखी सात वर्षे होती.

अशा इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू धूळ. कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. तिथे धातूचा एखादा कण अडकला तर फवारा बिघडतो, धूर वाढतो, नियम मोडतो. म्हणून ब्लॉक, हेड, क्रँक धुतले जातात; धुण्यासाठी वापरलेले पाणी गाळणीच्या कागदातून काढतात, कागद वाळवून वजन करतात आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. एप्रिल-मे महिन्यात माळव्यात जी लाल-काळी वावटळ उठते ती ज्याने पाहिली आहे, त्याला या ठिकाणी हवा गाळून आत घेण्याची व्यवस्था किती काटेकोर असावी लागते ते वेगळे सांगायला नको.

1 एप्रिल 2020 रोजी देशभर भारत स्टेज 6 लागू झाला. सरकारने स्टेज 5 वगळून एकदम पुढची उडी घेतली होती आणि सगळ्याच ट्रक कंपन्यांची धावपळ झाली. आयशरने यूटेक-6 या नावाने आपली तांत्रिक मांडणी आणली. युरोपसाठी इंजिने बनवताना मिळालेली अनेक वर्षांची सवय तेव्हा कामी आली. त्याच वर्षी व्होल्व्होचा भारतातला बसव्यवसायही या संयुक्त कंपनीत आला.

शिकलेले ज्ञान भिंतींच्या आत राहिले नाही, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे. पीथमपूर, देवास आणि इंदूर येथे फोर्जिंग, कास्टिंग, पत्राकाम, जिग-फिक्श्चर बनवणारी लहान-मोठी युनिटे उभी राहिली. मोठ्या कारखान्याच्या तपासणीत माल नापास होऊन परत येतो, कारण लिहून द्यावे लागते, पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून काय केले ते दाखवावे लागते. त्रासदायक वाटणारी ही रीत या युनिटांची शाळा ठरली. जवळच उभ्या राहिलेल्या नॅट्रॅक्सच्या चाचणी मैदानात 2021 मध्ये 11.3 किलोमीटरची अतिवेगाची धावपट्टी सुरू झाली. पूर्वी नव्या गाडीच्या कठोर चाचण्यांसाठी अहमदनगर किंवा पुणे गाठावे लागे, क्वचित परदेश. आता ती सोय जिल्ह्यातच आहे.

एक गोष्ट अजून पुरती झालेली नाही, आणि तीही लिहायला हवी. व्होल्व्होच्या इंजिनाची मूळ आखणी युरोपातली आहे. ते इथे उत्तम बनते, इथल्या इंधनाला आणि भाराला जुळवले जाते, पण कोऱ्या कागदावरून पुढचे इंजिन काय असावे हा निर्णय पीथमपूरला होत नाही. 1994 मध्ये मित्सुबिशीबाबत जे साधले, ते इंजिनाच्या आखणीत साधायला वेळ लागेल, आणि त्यासाठी संशोधनावरचा खर्च मंदीतही कमी होऊ देता कामा नये. धार-देवासच्या तंत्रनिकेतनांतली आणि आयटीआयतली मुले जोडणीच्या रांगेत आहेत. आरेखनाच्या संगणकापुढे ती अजून पुरेशी दिसत नाहीत.

पुढची परीक्षा विजेच्या गाड्यांची आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आयशरने प्रो एक्स ही लहान मालवाहू गाड्यांची मालिका मांडली, आणि तिची सुरुवातच विजेवरच्या गाडीने केली. विजेच्या गाडीत गिअर कमी लागतात, म्हणून देवासचे काम कमी होईल असा एक समज आहे. पण डिझेल इंजिनाच्या घरघरीत जो गिअरचा आवाज लपून जायचा, तो मोटरच्या गाडीत चालकाला थेट ऐकू येतो. मोटरचे फेरेही इंजिनाच्या कितीतरी पट. त्यामुळे उष्णता-प्रक्रियेनंतर दात पुन्हा दगडाने घासून अचूक करावे लागतात आणि मोजमापाची मर्यादा आणखी घट्ट होते. चाळीस वर्षांपूर्वी भट्टीतून वाकडा आलेला गिअर मोजत बसलेल्या माणसांनी जे गोळा केले, त्याची गरज आता अधिक आहे.